पोट्ट्याचा करार करायला बसताय? आधी हॉकीवाल्यांचे सौदे कसे होतात ते बघा

आमच्याकडं गुढीपाडव्याला सालदाराचं साल ठरतं, अन् ज्यानं ती बैठक लहानपणी ओसरीच्या खांबाला टेकून बघितली त्याला करार म्हणजे काय हे अर्धं समजलेलंच असतं. मालक अन् सालदार समोरासमोर बसतात, चहा होतो, पण रुपयाचा आकडा लगेच कोणी काढत नाही. ज्वारी किती, गहू किती, कपड्याचे जोड किती, पोळ्याची सुटी किती दिवस, उचल किती अन् ती कशी फिटणार, आजारी पडला तं खाडा धरायचा का नाही, हे सगळं बोलून झालं की मग आकडा. आपल्या खेळणाऱ्या पोरांचे करार पण याच क्रमानं व्हायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे, अन् जगातले सगळ्यात महागडे हॉकी खेळाडू पण जवळपास असंच करतात, ते कसं हे सांगतो.

लिहायचं कारण माझा पुतण्या. कबड्डीत रेडर आहे, गावच्या सामन्यात त्याची चढाई बघायला आजूबाजूच्या खेड्यातून लोक यायचे. एका शहरातल्या क्लबचा माणूस (नाव लिहीत नाही) सामना बघायला आला, संध्याकाळी घरी आला, पोराचं राहणं खाणं किट सगळं आमच्याकडं, वर महिन्याचे पैसे, असं बोलला अन् दोन पानांचा कागद पुढं केला. भावाचा मला फोन आला तोपर्यंत सही होऊन गेली होती. काऊन वाचला नाही गा कागद, म्हटलं तं म्हणे, "इंग्लिशमंधी होता दादा, अन् थो माणूस इतका चांगला बोलून राह्यला होता की थांब वाचू दे म्हणायची मलेच लाज वाटली." आठ महिन्यांनी पोराचा गुडघा गेला, लिगामेंट तुटलं, तेव्हा दुसऱ्या पानावर काय लिहिलं होतं ते आम्हाला कळलं. दुखापत झाली तं उपचाराचा खर्च खेळाडूचा, अन् तीन वर्षं क्लबच्या ना हरकत पत्राशिवाय दुसरीकडं खेळता येणार नाही. घरची तूर विकून ऑपरेशन केलं.

तेव्हापासून मी जिथं सापडेल तिथं खेळाडूंचे करार वाचत आलो. सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते अमेरिका-कॅनडातल्या बर्फावरच्या हॉकीतून, एनएचएल म्हणतात त्या लीगमधून, कारण तिथं कोणाला किती पैसे, किती वर्षं, कोणत्या अटी हे सगळं उघड असतं. आपल्या पोरांना तेवढे पैसे मिळत नाहीत हे मलाही माहीत आहे, पण सौदा कसा करायचा हे लाखाच्या अन् हजाराच्या करारात सारखंच राहतं.

पहिलं काम, भाव माहीत करून घ्या. आपण कापूस नेताना चार ठिकाणी फोन करतो, बाजार समितीत काय चाललं विचारतो, मग पोराच्या वेळेस काऊन नाही विचारत? गॉर्डी हाउ म्हणून डेट्रॉइटचा खेळाडू होता, हॉकीतल्या सर्वकालीन मोठ्या नावांपैकी एक, त्यानं १९४० च्या दशकात कोवळ्या वयात सही करताना संघाकडं जास्तीचं मागितलं ते काय, तं संघाचं जाकीट. पुढं वीस-बावीस वर्षं संघ जे देईल ते घेत राहिला, त्याला वाटायचं आपल्याला सगळ्यात जास्त मिळतात. मग १९६८ मधे बॉब बॉन नावाचा खेळाडू संघात आला अन् त्यानं सांगितलं की तुझ्यापेक्षा मला जास्त आहेत. इतकी वर्षं कोणीच कोणाला आपला पगार सांगत नव्हतं, अन् फायदा मालकांचा होत होता. १९९० च्या आसपास खेळाडूंच्या संघटनेनं सगळ्यांचे पगार उघड करायला सुरुवात केली अन् त्यानंतर आकडे भराभर वर गेले. म्हणून सांगतो, त्या क्लबात आधीपासून खेळणाऱ्या दोन-तीन पोरांना गाठा, त्यांच्या घरी जा, चहा प्या, किती मिळतात, वेळेवर मिळतात का, कोणाला दुखापत झाली तेव्हा क्लब कसा वागला, हे विचारा. हे विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही.

आपल्या इथल्या हॉकीचा भाव बघायचा तं हॉकी इंडिया लीग बघा. ती २०१३ ला सुरू झाली, २०१७ नंतर बंद पडली अन् डिसेंबर २०२४ मधे परत सुरू झाली. ऑक्टोबर २०२४ च्या लिलावात खेळाडूंच्या मूळ किमती १० लाख, ५ लाख अन् २ लाख अशा तीन पायऱ्यांत होत्या, पुरुषांच्या एका संघाला २४ खेळाडूंसाठी ४ कोटींची मर्यादा होती, अन् कर्णधार हरमनप्रीत सिंगवर सगळ्यात मोठी बोली लागली, ७८ लाखांची. आता गणित करा, ४ कोटीतले ७८ लाख एकावर गेले तं उरलेल्या २३ जणांत ३ कोटी २२ लाख. म्हणजे दुसरं काम हे की समोरच्याच्या थैलीत एकूण किती आहेत अन् त्यातले किती आधीच वाटले गेले हे काढायचं. नुसतं आमचं पोट्टं चांगलं खेळतं म्हणून इतके द्या, यावर समोरचा हसतो. तुमच्याकडं डावा कोपरा सांभाळणारा कोणी नाही, मागच्या वर्षी तुम्ही तिथंच मार खाल्ला, अन् तुमच्या बजेटमधे अजून दोन खेळाडूंची जागा आहे, असं बोललं की तो सरळ बसतो.

एनएचएलमधे पण एका संघाच्या एकूण पगाराला टोपण, म्हणजे वरची मर्यादा, आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी ते ९ कोटी ५५ लाख डॉलर ठरलं अन् २०२६-२७ साठी १० कोटी ४० लाख, आणि कोणत्याही एका खेळाडूला त्या टोपणाच्या २० टक्क्यांच्या वर देता येत नाही. टोपण वर जाणार हे खेळाडूंना आधीच माहीत होतं, म्हणून मोठी नावं सहीची घाई करत नव्हती. तूर घरात ठेवायची का आज विकायची, हाच विचार.

घाई कोणाला आहे हे ओळखणं, मला वाटतं, अख्ख्या सौद्यातली सगळ्यात मोठी गोष्ट आहे. संत्र्याचा बगीचा झाडावरच द्यायचा असतो तेव्हा व्यापारी काऊन येऊन येऊन जातो? त्याला माहीत असतं की गळ सुरू झाली की शेतकरी स्वतःच फोन करणार. टोरंटोचा विल्यम नायलँडर २०१८ मधे असाच अडून बसला होता. त्या लीगचा नियम असा की पहिला करार संपलेल्या, पण अजून पूर्ण मोकळ्या न झालेल्या खेळाडूनं १ डिसेंबरच्या संध्याकाळपर्यंत सही केली नाही तं तो त्या हंगामात खेळूच शकत नाही. हंगाम ऑक्टोबरमधे सुरू झाला, पोरगा स्वीडनमधे घरी, संघ खेळून राह्यला, वीसच्या वर सामने गेले, अन् शेवटच्या दिवशी मुदत संपायला काही मिनिटं बाकी असताना सही झाली, सहा वर्षं, सुमारे साडेचार कोटी डॉलर. त्यातून मी एवढंच घेतलं की मुदत दोन्ही बाजूंना चावते, संघालाही खेळाडू पाहिजे असतो. पण नायलँडरच्या घरी दोन महिने पगार नसला तरी चूल पेटणार होती. आपल्या घरी पेटेल का, हे आधी बायकोला, आईला विचारा, मग अडून बसायचं ठरवा. उधारीच्या दबावात केलेला करार पडत्या भावात विकलेल्या कापसासारखा असतो, त्यामुळं शक्य असेल तं पेरणीच्या तोंडावर अन् लग्नसराईत सहीला बसूच नका, तेव्हा आपल्या तोंडावर गरज दिसते.

अन् दुसरं दार उघडं ठेवा. किरिल काप्रिझोव्ह हा रशियन खेळाडू, मिनेसोटा वाइल्डकडून खेळतो. २०२१ मधे करार अडला तेव्हा त्याच्याकडं मॉस्कोला परत जाऊन खेळायचा रस्ता होता, संघालाही ते माहीत होतं, शेवटी पाच वर्षांचे साडेचार कोटी डॉलर ठरले. २०२५ मधे परत बैठक, संघानं आठ वर्षांचे १२ कोटी ८० लाख डॉलर पुढं केले अशी बातमी सगळीकडं आली, त्यानं मान हलवली नाही. सप्टेंबरच्या शेवटी सही झाली १३ कोटी ६० लाखांवर, वर्षाला १ कोटी ७० लाख, त्या लीगच्या इतिहासातला तोवरचा सगळ्यात मोठा करार. आपल्या पोरासाठी दुसरं दार म्हणजे काय, तं दुसरा क्लब, रेल्वे किंवा पोलिसातली क्रीडा कोट्याची भरती, कॉलेजची स्कॉलरशिप, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारख्या संस्थेत शिकत शिकत खेळणं. दुसरं दार खरं असू द्या, खोटं सांगू नका, खेळाच्या मैदानात सगळे एकमेकांना ओळखतात, दोन फोनमधे खोटं उघडं पडतं.

किती वर्षांचा करार करायचा यावर लोक फार कमी विचार करतात, जास्त वर्षं म्हणजे जास्त चांगलं असं वाटतं त्यांना. कॉनर मॅकडेव्हिड हा आजचा सगळ्यात भारी खेळाडू समजला जातो, एडमंटनचा कर्णधार. ऑक्टोबर २०२५ मधे त्यानं फक्त दोन वर्षांची सही केली, वर्षाला १ कोटी २५ लाख डॉलर, म्हणजे त्याला आधी मिळत होते तेवढेच, जेव्हा सगळ्यांना माहीत होतं की तो कितीतरी जास्त मागू शकतो. त्याचा संघ २०२४ अन् २०२५ ला सलग फायनल हरलेला. कमी पैशामुळं संघाला बाकी चांगले खेळाडू घ्यायला जागा राहिली, अन् दोनच वर्षं असल्यानं संघावर दबाव राहिला की आत्ता जिंकून दाखवा, नाहीतर मी मोकळा. त्यानं पैशाच्या जागी हक्क घेतला. आपल्या एकोणीस-वीस वर्षांच्या पोरासाठी मी तं कधीही छोटा करार घ्या म्हणेन, एक वर्ष, फार तर दोन, कारण त्याचा खेळ अजून वाढणार आहे अन् भाव पण. पस्तिशीला आलेल्या, गुडघे घासलेल्या खेळाडूनं मात्र लांबचाच घ्यावा.

आता कागद. इथं वेळ द्या, घाई करू नका, रात्रभर कागद घरी ठेवायला मागा, अन् जो ठेवू देत नाही त्याच्याशी सौदा करू नका, हे मी डोळे झाकून सांगतो. बघायचं काय तं आधी हे की लिहिलेले पैसे पक्के आहेत का "कामगिरीनुसार" आहेत. एनएचएलमधे साइनिंग बोनस (सही केल्याबद्दलचे पैसे) अन् पगार वेगळे लिहितात, कारण संघानं करार मधेच मोडला तं वय बघून उरलेल्या पगाराचा दोन तृतीयांश किंवा एक तृतीयांशच भाग मिळतो, पण बोनसला हात लागत नाही, म्हणून हुशार एजंट जास्तीत जास्त पैसा बोनसमधे टाकतो. आपल्याकडं त्याचा अर्थ, जेवढं सहीच्या दिवशी खात्यात येईल तेवढं चांगलं, अन् उरलेले हप्ते कोणत्या तारखेला येणार ती तारीख लिहून घ्या, "हंगाम संपल्यावर" हे तारीख नसते. टीडीएस कापून हातात किती ते पण विचारा, भाऊ लोक एकूण आकडा गावभर सांगतात अन् मग खात्यात कमी आले की क्लबवर संशय घेतात.

मग दुखापत. तिथल्या लीगमधे खेळताना जखमी झालेल्याचा पगार चालू राहतो अन् जखमी असेपर्यंत संघ त्याचा करार असा मोडूही शकत नाही. आपल्या कागदात निदान एवढं तरी असू द्या की सराव असो की सामना, दुखापतीचा ऑपरेशनसकट खर्च क्लबचा, बरा होईपर्यंत महिन्याचे पैसे चालू, अन् विम्याची पॉलिसी पोराच्या नावावर, तिची झेरॉक्स आपल्या हातात. आमच्या घरी हे एक वाक्य असतं तं तूर घरात राहिली असती.

अन् सुटका कशी व्हायची ते. तिकडचे सीनियर खेळाडू असं कलम लिहून घेतात की माझ्या परवानगीशिवाय मला दुसऱ्या संघाला देता येणार नाही. आपल्याकडं उलटं असतं, क्लबच्या परवानगीशिवाय पोरगा हलू शकत नाही. तेव्हा ना हरकत पत्र किती दिवसात द्यायचं अन् पैसे दोन महिने थकले तं पोरगा आपोआप मोकळा, हे लिहून घ्या. करार संपल्यावरसुद्धा दुसरीकडं जायच्या आधी आम्हालाच विचारायचं, असं कोणी लिहिलं असेल तं घाबरू नका. आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानच्या बाबतीत हेच झालं होतं, त्याच्या मॅनेजमेंट कंपनीनं म्हटलं करार संपला तरी आधी आमच्याकडं यायचं, अन् सुप्रीम कोर्टानं २००६ मधे सांगितलं की करार संपल्यानंतरचं असं बंधन भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ प्रमाणं चालत नाही. करार चालू असतानाची बंधनं मात्र वेगळी, ती पाळावी लागतात. अन् पोरगा अठरा वर्षांच्या आतला असेल तं त्याच्या एकट्याच्या सहीला त्याच कायद्यानं किंमत नाही, त्यामुळं कोणी शाळेच्या मैदानावर पोराला गाठून परस्पर सही घेतली असेल तं आधी वकील गाठा.

कागद वाचायला माणूस कोणाचा पाहिजे? आपला. पूर्ण आपला. बॉबी ऑरची गोष्ट मी प्रत्येक पालकाला सांगतो. बॉस्टनचा बॉबी ऑर, बचाव करणाऱ्या खेळाडूनं हल्ला कसा करावा हे त्यानं हॉकीला दाखवलं. त्याचा एजंट अॅलन ईगलसन, ऑर त्याला भावासारखा मानायचा, कागद न बघता सही करायचा. १९७६ मधे बॉस्टननं ऑरला संघात राहण्यासाठी संघाच्या मालकीतला १८.५ टक्के हिस्सा देऊ केला होता, पण ही गोष्ट ऑरपर्यंत पोचलीच नाही, एजंटनं त्याला शिकागोला नेलं. गुडघे आधीच गेलेले, तिथं तो मोजून २६ सामने खेळला अन् १९७८ ला निवृत्त झाला, हातात काही उरलं नव्हतं. अन् हाच ईगलसन त्याच वेळी खेळाडूंच्या संघटनेचा प्रमुख पण होता अन् मालकांशी त्याचं उठणं-बसणं होतं. १९९८ मधे त्यानं फसवणुकीचे गुन्हे कबूल केले, तुरुंगात गेला. बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो, तिथं दलाल दोन्हीकडून दलाली घेतो हे सगळ्यांना माहीत असतं तरी बैलाचा सौदा एका दिवसाचा असतो. पोराचा करार त्याच्या पायात जोर आहे तेवढ्याच वर्षांचा असतो, ती वर्षं परत येत नाहीत. म्हणून क्लबनं आणलेला वकील, क्लबच्या ओळखीचा एजंट, क्लबकडून कमिशन घेणारे कोचसाहेब, यापैकी कोणाच्या भरवशावर सही करू नका. तालुक्याच्या कोर्टात बसणारा साधा वकील, त्याला त्याची फी द्या अन् म्हणा, साहेब, प्रत्येक ओळ मराठीत सांगा, यात आमच्या पोराला कुठं अडकवलंय तेवढं दाखवा. आपल्या पुतण्याला पुढच्या वेळी आम्ही हेच केलं, वकीलसाहेबांनी चार ठिकाणी पेन्सिलनं गोल केले, अन् चारपैकी तीन गोष्टी क्लबनं मुकाट बदलून दिल्या. नुसतं विचारायची खोटी होती.

बैठकीत जायच्या आधी घरी तीन आकडे ठरवून जा, एक तोंडानं मागायचा, एक मनातला, अन् एक असा की त्याच्या खाली आला तं रामराम करून उठायचं. तिसरा आकडा घरच्या बाईमाणसासोबत बसून ठरवा, तो बैठकीत बदलायचा नाही. बोलणारा एकच ठेवा, काका एक बोलतो अन् मामा दुसरं असं झालं की समोरच्याला फट सापडते. पोरगा शेजारी बसू द्या, पण भावाच्या बोलण्यात त्याला पाडू नका, त्याला ज्या लोकांसोबत खेळायचं आहे त्यांच्या तोंडून स्वतःची किंमत कमी कमी होताना ऐकणं वाईट असतं. एनएचएलमधे लवादापुढं असंच होतं, खेळाडू समोर बसलेला असताना त्याचाच संघ सांगतो की हा इतका काही चांगला नाही, टॉमी सालो नावाच्या गोलकीपरला तिथं रडू आलं होतं.

अन् सौदा चालू असताना गावात, स्टेटसवर, कुठंच बोलायचं नाही. २०२४ मधे बॉस्टनचा गोलकीपर जेरेमी स्वेमन करारासाठी अडून बसला, संघाच्या अध्यक्षानं पत्रकारांसमोर ६ कोटी ४० लाख डॉलरचा आकडा सूचित केला, एजंटनं लगेच म्हटलं की असा आकडा आम्हाला कधी दिलाच नव्हता, सगळ्यांची तोंडं कडू झाली. शेवटी ऑक्टोबरमधे आठ वर्षांचे ६ कोटी ६० लाख ठरले, पण सरावाचं शिबिर हातचं गेलं अन् तो हंगाम त्याला वाईट गेला. सरावाशिवाय मैदानात उतरलेलं शरीर दगा देतं, मग करार कितीचा का असेना. बोलणी चालू असली तरी पोराची सकाळची धाव चुकू देऊ नका.

सही झाली की सगळ्या पानांवर दोन्ही बाजूंच्या सह्या आहेत का बघा, एक मूळ प्रत आपल्याकडं घ्या, झेरॉक्सवर भागवू नका, अन् ती प्रत सातबाराच्या पिशवीत ठेवा. सगळे पैसे बँकेत घ्या, पोराच्या नावाच्या खात्यात. तोंडी काही कबूल झालं असेल तं त्याच रात्री त्या माणसाला मेसेज टाका, साहेब, आज आपलं असं असं ठरलं, बरोबर ना, अन् त्याचं उत्तर आलं तरी मेसेज डिलीट करू नका. करार संपायच्या सहा महिने आधीची तारीख कालनिर्णयवर लाल पेनानं गोल करा, त्या दिवसापासून परत भाव विचारायला सुरुवात करायची. आमच्या घरी तो गोल यंदा दिवाळीनंतरच्या आठवड्यात आहे, पोराचा गुडघा आता बरा आहे अन् भाऊ या वेळी कागदाची वाट न बघता आधीच तालुक्याला वकीलसाहेबांना भेटून आला.